होतंच गं या दिवसांत!

 

दुसऱ्या खेपेला मला सहावा महिना होता. सकाळी घाईत उभ्यानंच सलवार घालायला एक पाय उचलला आणि समोरच्या हाडात, ओटीपोटाच्या अगदी खाली, अशी कळ आली की भिंत धरावी लागली. मग ते रोजचंच झालं. जिना चढताना, स्कूटरवरून उतरताना, रात्री कूस बदलताना. कूस बदलायला मी आधी मनाची तयारी करायचे, मग श्वास धरायचे आणि मग वळायचे. पाच वर्षांच्या लेकीला कडेवर घेणं तर बंदच झालं.

सासूबाई म्हणाल्या, "होतंच गं या दिवसांत." आत्याही तेच म्हणाल्या. ज्या डॉक्टरबाईंकडे नाव घातलं होतं त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सब नॉर्मल है." आमच्या कामात याला 'एक्स्पेक्टेड बिहेविअर' असा शेरा मारून टिकीट बंद करणं म्हणतात. तक्रार करणाऱ्याचं काम अडलेलं असतं ते असतंच.

तिसऱ्या वेळी मी हट्टानं विचारलं, तेव्हा फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी मिळाली. तिनं पाच मिनिटांत नाव सांगितलं: पेल्व्हिक गर्डल पेन. साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला हा त्रास होतो. या दिवसांत कमरेच्या हाडांचे सांधे सैल होतात, आणि दोन्ही बाजू सारख्या हलल्या नाहीत की दुखतं. बाळाला यानं काही अपाय नाही. पण म्हणून आईनं तीन महिने दात-ओठ खात काढायचे असंही नाही.

उपाय ऐकून मला हसूच आलं, इतके साधे. कपडे बसून घालायचे. अंथरुणातून उठताना दोन्ही गुडघे जुळवून एकदम वळायचं. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. जिना एकेक पायरी, कमी दुखणारा पाय आधी वर. एका पायावर भार टाकून उभं राहायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर मांडी घालून भाजी निवडायची नाही. (हे शेवटचं आमच्या घरात पचायला वेळ लागला.) शिवाय थोडे व्यायाम आणि कमरेला पट्टा. दोन-तीन आठवड्यांत दुखणं पूर्ण गेलं नाही, पण मी पुन्हा लेकीबरोबर कोपऱ्यापर्यंत पोहे-जलेबी आणायला जायला लागले. लहान पावलं टाकत, पण जायला लागले.

इथवरची गोष्ट मी मैत्रिणींना ऐटीत सांगत असे. पुढची सांगताना ऐट राहत नाही.

पस्तिसाव्या आठवड्यात माझे तळहात आणि तळपाय खाजायला लागले. दिवसा बरं, रात्री असह्य. पुरळ नाही, लाली नाही. मी खोबरेल तेल लावलं आणि या वेळी मीच म्हणाले, होतंच. पोट ताणतं, त्वचा कोरडी पडते, इंदूरचा उन्हाळा. चार रात्री काढल्या. पाचव्या रात्री अडीच वाजता मी बाथरूममध्ये गार पाण्यात पाय घालून बसले होते. सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "अंगावर काही उठलं नाही, मग खाज कसली? उद्या सकाळी दवाखान्यात."

रक्ताची तपासणी झाली, लिव्हरची आणि बाइल अ‍ॅसिडची. दोन्ही वाढलेली. गरोदरपणातला कोलेस्टॅसिस. यात पित्तातली आम्लं रक्तात साठतात. आईला फक्त खाज, पण ती फार वाढली तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. माझा आकडा तितका नव्हता. औषध सुरू झालं, तपासण्या वाढल्या आणि सदतिसाव्या आठवड्यात कळा आणायचं ठरलं. लेबर रूममध्ये कमरेचंही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून कुशीवर झोपवूनच बाळंतपण केलं. मुलगा झाला, छान रडला. खाज आठवडाभरात गेली.

पण त्या चार रात्री मला अजून आठवतात. दुखण्यासाठी मी भांडले होते, आणि जे खरंच धोक्याचं होतं त्याला तेल चोळत बसले.

आमच्या फ्रीजवर तेव्हापासून एक कागद आहे. थांबणारं न डोकं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, चेहरा-हात एकदम सुजणं: रक्तदाब वाढल्याची ही लक्षणं, विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० झाला तरी कळवायचं. रक्तस्राव, पाणी जाणं, लघवीची जळजळ आणि ताप. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. पुरळ नसलेली खाज. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी निघायचं. साखरेच्या तपासणीची तारीखही त्यावरच, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायचं ती. तिला तर काही लक्षणंच लागत नाहीत, म्हणून ती चुकवायची नाही.

नणंदेला आता पाचवा महिना आहे. परवा फोनवर म्हणाली, "वहिनी, कंबर फार दुखते हो." मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी फोन घेतला. "कुठं दुखतं, कधीपासून, जिना चढताना का झोपल्यावर? नीट सांग. आणि कपडे बसून घाल."