निबंध विकत नको, वाचून दाखवा

मुलगा-मुलगी कॉलेजात गेली की घरच्यांना वाटते, आपले काम संपले. तसे नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधनाची वाट ठेवली आहे. पण आम्ही मोर्शीत पाहतो, प्रकल्प म्हटला की पोरे तयार मजकूर विकत घेऊन मोकळी होतात. गुण मिळतात, विद्या मिळत नाही.

बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात, भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय 25. मे 1917 मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आधी वर्गापुढे वाचला, मग छापला. हा क्रम ध्यानात ठेवावा.

हे आपल्या विहारातही जमते. पाच-सात जणांनी दर रविवारी दोन तास बसावे. एकाने आपली दोन पाने वाचावीत, बाकीच्यांनी विचारावे: हे कुठून घेतले? पुरावा काय? ज्या पुस्तकातून घेतले त्याचे नाव व पान लिहावे. विषयही दूर शोधू नये. संत्र्याच्या तोडीवर बाईला रोज किती अन् पुरुषाला किती, सिंभोऱ्याच्या धरणाचे पाणी कोणाच्या वावरापर्यंत पोचते, हे आपल्याच माणसांना विचारून लिहिता येते.

मायबापहो, मुलगी अभ्यासमंडळाला निघाली तर तिला चूल-भांड्यांत अडकवू नका. ते दोन तास तिचे आहेत.