गल्फची नोकरी : पगार विचारण्याआधी परतीचा हिशेब का मांडायचा?

सीवूड्स स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘सीवूड्स इस्टेट्स’ सांगितलंत, तर तो क्षणभर विचार करेल. ‘एनआरआय कॉम्प्लेक्स’ म्हणालात की लगेच मीटर टाकेल. पाम बीच रोडलगतची ही वसाहत सिडकोने परदेशस्थ भारतीयांना डोळ्यांसमोर ठेवून उभारली. कल्पना सरळ होती. परदेशात कमावलेल्या पैशातून माणूस इथे घर घेईल आणि पुढे केव्हातरी त्यात राहायला येईल.

‘परत येणं’ हाच गल्फच्या नोकरीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. दुर्दैवाने जाताना त्याचाच विचार सगळ्यात कमी होतो. चर्चा पगाराची होते, करमुक्तीची होते, दुबईच्या रीलची होते. नोकरी गेली तर किती दिवसांत देश सोडायचा, हातात काय उरणार, भारतात कोणते कागद तयार हवेत, हे प्रश्न बहुतेकांना तिथे पोहोचल्यावर पडतात.

म्हणून हे गणित आधीच समजून घेऊ.

गल्फमध्ये भारतीय किती? त्यात महाराष्ट्र कुठे?

संयुक्त अरब अमिराती (यूएई), सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान आणि बहारीन या सहा देशांत मिळून साधारण ९० लाख भारतीय राहतात. सर्वाधिक यूएईत, त्याखालोखाल सौदीत.

गल्फ म्हटलं की आपल्याला केरळ आठवतं. पण रिझर्व्ह बँकेच्या सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के होता आणि केरळचा १९.७ टक्के. हा सगळा पैसा गल्फचा नाही. त्या वर्षी सर्वाधिक पैसा अमेरिकेतून आला. तरीही सहा आखाती देशांचा एकत्रित वाटा सुमारे ३८ टक्के होता.

रत्नागिरी, चिपळूण, खेड, श्रीवर्धन, म्हसळा या कोकणपट्ट्यात तर गल्फ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा विषय आहे. नवी मुंबईत चित्र थोडं वेगळं आहे. इथून इंजिनीअर, अकाउंटंट, नर्स, हॉटेल आणि लॉजिस्टिक्सवाले जातात. फरक एवढाच की केरळने १९९६ मध्येच परदेशस्थ मल्याळींसाठी ‘नोर्का’ हा स्वतंत्र विभाग सुरू केला. आपल्याकडे मात्र ही माहिती आजही ओळखीतल्या कुणाकडून तरी, तुकड्यातुकड्यांत मिळते.

तिथे २० वर्षं राहिलं तरी ‘स्थायिक’ का होता येत नाही?

कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात ठरावीक वर्षांनंतर कायम वास्तव्य आणि पुढे नागरिकत्व हा ठरलेला मार्ग आहे. गल्फमध्ये तसा मार्ग सर्वसामान्य नोकरदारासाठी जवळपास नाही. तिथला राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी संपली की परवाना रद्द होतो आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत एकतर दुसरी नोकरी शोधायची किंवा देश सोडायचा. बायको-मुलांचा व्हिसा तुमच्या व्हिसावर अवलंबून असल्याने त्यांनाही तोच नियम.

यूएईने २०१९ पासून ‘गोल्डन व्हिसा’ सुरू केला. तो १० वर्षांपर्यंतचा असतो आणि नोकरीला बांधलेला नसतो. पण तो गुंतवणूकदार, डॉक्टर, संशोधक, उच्च पगाराचे व्यावसायिक अशा निवडक लोकांसाठी आहे. शिवाय तो नागरिकत्व देत नाही.

स्थानिकांना नोकऱ्या देण्याचा दबावही वाढतो आहे. सौदीत २०११ पासून ‘निताकत’ योजना आहे. यूएईत ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना कुशल पदांवरचं स्थानिकांचं प्रमाण दरवर्षी २ टक्क्यांनी वाढवत २०२६ अखेर १० टक्क्यांवर न्यायचं आहे.

‘कफाला’ संपली असं ऐकतो, ते खरं आहे का?

अर्धं खरं आहे. कफाला म्हणजे कामगाराचं तिथलं वास्तव्य, नोकरी बदलणं, अगदी देशाबाहेर जाणंही मालकाच्या परवानगीशी जोडणारी पद्धत. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली आणि मार्च २०२१ पासून १,००० रियालचं किमान मासिक वेतन लागू केलं. सौदीनेही मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या बऱ्याच कामगारांना नोकरी बदलण्याची आणि बाहेर जाण्याची मोकळीक दिली. घरकामगार, खासगी ड्रायव्हर यांना मात्र तेव्हा त्यातून वगळलं.

कुवेत उलट दिशेने गेला. तिथे १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातल्या परदेशी कर्मचाऱ्याला देशाबाहेर जाण्यासाठी मालकाच्या मंजुरीने ‘एक्झिट परमिट’ घ्यावं लागतं. म्हणजे ‘गल्फचा कायदा’ असं एक काही नसतं. तुम्ही कोणत्या देशात, कोणत्या कामासाठी जाताय, त्यावर तुमचे हक्क ठरतात. दुबईतल्या मित्राचा अनुभव कुवेतच्या नोकरीला लागू पडत नाही.

पगार करमुक्त, मग शिल्लक का पडत नाही?

कारण आयकर नसला तरी खर्च आहेतच. दुबईत घरभाडं अनेकदा वर्षाच्या करारावर आणि पुढच्या तारखांच्या चेकने द्यावं लागतं. बरेच जण सुरुवातीला ‘बेड स्पेस’ म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेतात. मुलं नेली की खासगी भारतीय शाळेची फी आली. सौदीत तर कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबित माणसामागे महिन्याला ४०० रियाल सरकारी शुल्क आहे. बायको आणि दोन मुलं म्हणजे दरमहा १,२०० रियाल.

दुसरा मुद्दा ऑफर लेटरमधल्या एका ओळीचा. यूएईत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी एकूण पगारावर नाही, मूळ पगारावर म्हणजे ‘बेसिक’वर मोजतात. किमान एक वर्ष सेवा झाली की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा मूळ पगार मिळतो.

समजा, दोघांचा पगार ८,००० दिऱ्हम आहे. एकाचा बेसिक ४,००० आणि बाकी भत्ते. दुसऱ्याचा बेसिक ६,०००. पाच वर्षांनी पहिल्याला १४,००० दिऱ्हम मिळतील, दुसऱ्याला २१,०००. हातात येणारा पगार तोच, परतीची पुंजी दीडपट. ही वाटाघाट सही करण्याआधीच होऊ शकते, नंतर नाही.

यूएईत नोकरदाराला भारतासारखं पीएफ सहसा नसतं. ही ग्रॅच्युइटी आणि स्वतः बाजूला टाकलेले पैसे, एवढंच निवृत्तीचं भांडवल.

फसवणूक नेमकी कुठे होते?

बहुतेक वेळा दोन ठिकाणी. पहिलं, एजंट. भारतातून परदेशी नोकरभरती करायला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. परवानाधारक एजंटांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर पाहता येते. एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, तोही पावतीसह. ‘व्हिसाचे दीड लाख, रोख द्या’ म्हणणारा माणूस तिथेच नियम मोडत असतो. बेलापूर, वाशी, नेरूळमध्ये चकचकीत ऑफिस थाटून, पैसे घेऊन गायब होण्याचे प्रकार नवे नाहीत. बोर्डावरचं नाव पाहू नका, परवाना क्रमांक पोर्टलवर तपासा.

दुसरं ठिकाण म्हणजे व्हिजिट व्हिसा. ‘आधी व्हिजिटवर या, तिथे गेल्यावर वर्क व्हिसा करू’ हे वाक्य फार जणांना महाग पडलं आहे. यूएईत व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ पासून १ लाख ते १० लाख दिऱ्हम दंड होऊ शकतो. दंड मालकाला होतो हे खरं, पण तोवर तुम्ही महिनाभर काम करून पगाराविना बसलेले असता आणि तक्रार करायला हातात करारही नसतो. वर्क परमिट आणि भरतीचा खर्च मालकाने करायचा, असं यूएईचा कायदाच सांगतो.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं. त्यांना गल्फमध्ये नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी आणि ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ बंधनकारक आहे. काहीशे रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचं संरक्षण मिळतं. परिचारिकांना पासपोर्ट कोणताही असला तरी मंजुरी लागते. शिकलेले बाकीचे लोक मात्र या चाळणीतून जातच नाहीत. त्यांचा करार तपासायला कुणी नसतं. तो त्यांनीच वाचायचा.

भारतातले कोणते कागद आधी लावायचे?

तीन गोष्टी नेहमी राहून जातात.

पहिली, बँक खातं. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. ते ‘एनआरओ’ खात्यात बदलायचं आणि तिकडचा पगार ‘एनआरई’ खात्यात पाठवायचा. एनआरई खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त आहे.

दुसरी, तारीख. नोकरीसाठी देश सोडताना त्या आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर तुम्ही त्या वर्षी अनिवासी ठरता. ऑक्टोबरमध्ये निघालात तर तेवढ्या वर्षापुरता गल्फचा पगारही भारतात करपात्र होऊ शकतो.

तिसरी, घर. सीवूड्समधला फ्लॅट भाड्याने देऊन गेलात तर ते भाडं भारतात करपात्र आहेच. शिवाय मालक अनिवासी असल्याने भाडेकरूने भाड्यातून टीडीएस कापून भरायचा असतो. घर विकायला काढलं तर खरेदीदारालाही अनिवासी मालकासाठीच्या चढ्या दराने टीडीएस कापावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे ऐनवेळी व्यवहार अडतात. घरातल्या कुणाच्या तरी नावाने नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून गेलात तर अशा कामांसाठी विमानाची तिकिटं काढावी लागत नाहीत.

अचानक परतायची वेळ आली तर?

ती येते, हे इतिहास सांगतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि तिथल्या १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणावं लागलं. बहुतेक जण जॉर्डनच्या अम्मानमार्गे आले. कुवेती दिनारचं मोल एका रात्रीत गेलं, तिथल्या बँकेतली बचत अडकली. मे २०२० मध्ये कोरोनाकाळात ‘वंदे भारत’ मोहिमेची पहिली विमानं गल्फमधूनच आली. जून २०२५ मध्ये इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली, तेव्हा अनेक देशांचं आकाश काही तास बंद होतं.

जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले. राहण्याची जागा कशी आहे, हाही नोकरीचाच भाग असतो, हे त्या दिवशी दिसलं.

परतताना कर्ज मागे ठेवून येता येतं, हा समजही सोडून द्यावा. जानेवारी २०२० मध्ये भारताने यूएईच्या ठरावीक न्यायालयांचे दिवाणी हुकूमनामे इथे अंमलात आणण्याची वाट मोकळी केली. दुबईतलं क्रेडिट कार्डचं बिल सीवूड्सच्या घरापर्यंत येऊ शकतं.

अडचण आलीच, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते. हलाखीत अडकलेल्यांसाठी दूतावासांकडे ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ असतो. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदा आहे. तो स्वतःकडेच ठेवा आणि सगळ्या कागदांच्या प्रती घरी ठेवा.

मग जायचं की नाही?

जायला हरकत काहीच नाही. दिऱ्हम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की घरी येणारे रुपये वाढतात. विमानाने तीन-साडेतीन तासांचं अंतर आहे. आई-वडील आजारी पडले तर त्याच दिवशी पोहोचता येतं. अमेरिकेतून हे जमत नाही. हजारो मराठी कुटुंबांनी गल्फच्या पैशावर घरं बांधली, मुलं शिकवली.

पण ही मुदतीची नोकरी आहे, हे धरूनच निघायला हवं. जाण्याआधी घरच्यांसोबत बसून चार आकडे कागदावर लिहा. बेसिक किती, तिथला महिन्याचा खर्च किती, नोकरी गेली तर किमान सहा महिने चालेल एवढी रक्कम भारतात कुठे आहे, आणि किती वर्षांनी परतायचं. यातला चौथा आकडा लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तरीही तो लिहूनच विमानात बसा. नाहीतर दोन वर्षांची दहा होतात, दहाची वीस होतात आणि घेतलेल्या घरात राहतो तो भाडेकरू.