हरलेल्या संघाचीही नोंद हवी

गेल्या हिवाळ्यात आमच्या परिसरातील एका छोट्या महाविद्यालयाच्या मुली आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या. पूर्वार्धातच त्यांच्यावर लोण चढला. तरीही त्या झुंजल्या आणि अवघ्या दोन गुणांनी हरल्या. दुसऱ्या दिवशी एका दैनिकाच्या स्थानिक पानावर छायाचित्र झळकले. त्यात करंडक होता, पुष्पगुच्छ होते आणि पाच मान्यवर होते, तेही नावांनिशी. विजेत्या संघातील एकीचेही नाव नव्हते आणि आमच्या मुली तर कोणाच्या गावीही नव्हत्या. याला क्रीडावृत्त म्हणायचे की मान्यवरांची जाहिरात?

एके काळी मुंबईच्या वृत्तपत्रांत मैदानाला मानाचे स्थान होते. अजित वाडेकर एल्फिन्स्टन महाविद्यालयातून, सुनील गावसकर सेंट झेवियर्समधून, तर रवी शास्त्री पोदारमधून पुढे आले. १९३५ साली सुरू झालेल्या रोहिंटन बारिया करंडकातील विद्यापीठीय सामन्यांकडे जाणकारांचे लक्ष असे. नामांकित महाविद्यालयांना झुकते माप मिळे, हे खरे. पण धावफलकात पराभूत संघाचे अकराही खेळाडू असत.

आज संपादक म्हणतात, जागा नाही. वृत्तपत्रांवरील आर्थिक संकट मी नाकारत नाही. २०१९ मध्ये ‘डीएनए’ची छापील आवृत्ती बंद झाली, तर २०२० च्या अखेरीस दैनिक ‘मुंबई मिरर’ थांबले. परंतु ज्या पानावर पाच मान्यवरांची नावे मावतात, तेथे बारा मुलींची का मावू नयेत? दुसरी सबब अशी, की वाचकांना रस नाही. मग २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगच्या चढाया-पकडी घराघरांत पाहिल्या गेल्या, त्या कशाच्या बळावर? रस कबड्डीत आहे. उणीव आहे ती मैदानावर जाणाऱ्या वार्ताहराची.

तिसरी सबब अधिक फसवी आहे. आता प्रत्येक महाविद्यालय आपले यश व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतेच, असे सांगितले जाते. कळवते, पण केवळ आपले यश! पराभव कोण कळवतो? पंचांचा वादग्रस्त निर्णय, निवडीत डावलली गेलेली खेळाडू, वर्षानुवर्षे जिमखाना शुल्क भरूनही खडकाळच राहिलेले मैदान, हे कोणते महाविद्यालय स्वतःहून जाहीर करील? त्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो. साक्षीदार उठून गेला की अन्यायाला मैदान मोकळे सापडते. मोठ्या महाविद्यालयांना अन्य वाटा असतात. छोट्यांची मुले मात्र नोंदीविनाच विस्मृतीत जातात.

वाचकहो, दोष केवळ संपादकांचा नाही. आपल्याच मुलांच्या सामन्याला आपण किती जण जातो? स्थानिक पानावरच्या या उणिवेबद्दल संपादकांना कधी एखादे पत्र लिहिले आहे काय? प्रत्येक महाविद्यालयाने एका विद्यार्थ्याला सामन्याचा चोख वृत्तान्त लिहायला शिकवावे. त्यात दोन्ही संघ, गुण आणि खेळाडूंची पूर्ण नावे असावीत. दैनिकांनी तो पडताळून छापावा, आणि मान्यवरांची यादी खुशाल गाळावी.

दोन गुणांनी हरलेल्या त्या मुलींना कौतुकाचे शब्द नकोत. त्या खेळल्या, एवढे सत्य छापले जावे. तो त्यांचा हक्क आहे.