परत कुठे जाणार?

युरोपच्या पर्यटन व्हिसासाठी कितीही कागद जोडले, तरी वकिलातीचा मुख्य प्रश्न एकच असतो: फिरणं झाल्यावर हा माणूस परत जाईल का, आणि जाणार असेल तर कुठे? हा प्रश्न येवल्यात राहणाऱ्याला एका अर्थाने लागू होतो आणि येवल्याहून परदेशी नोकरीला गेलेल्या त्याच्या मुलांना दुसऱ्या अर्थाने. हा फरक नीट न कळल्यामुळे पुष्कळांचे बेत फसतात, म्हणून आज त्यावर सविस्तर लिहितो आहे.

आमच्या घरात सध्या हीच तयारी चालली आहे. थोरले बंधू अण्णा, आयुष्य पैठणीच्या मागावर गेलेलं. त्यांना ल्यों बघायचं आहे. १८०४च्या सुमारास याच फ्रेंच शहरात जोसेफ मारी जाकार याने छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारी नक्षीची यंत्रणा सिद्ध केली. त्याच्याच नावाचं जॅकार्ड आज येवल्यातही काठा-पदराची नक्षी उचलतं. तिथल्या क्र्वा-रूस भागात जुने रेशीम विणकर राहत, आणि ते माग दाखवणारं संग्रहालय आजही आहे. पुतणी ब्रिटनमध्ये नोकरीला आहे. अण्णा-वहिनींनी उन्हाळ्यात तिच्याकडे जावं आणि तिथून तिघांनी मिळून पॅरिस आणि ल्यों करावं, असा बेत.

बेत ऐकून प्रत्येकाने एकच सल्ला दिला: "लंडनला पोचलात की तिथूनच काढा फ्रान्सचा व्हिसा, पोरगी आहे ना तिथं." हा सल्ला आपुलकीचा आहे, पण नियमात बसत नाही. शेंगेनचा, म्हणजे फ्रान्ससह अनेक युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज आपण जिथे कायदेशीर रहिवासी आहोत तिथल्याच वकिलातीकडे करायचा असतो. पुतणी ब्रिटनची रहिवासी आहे, अण्णा-वहिनी तिथे पाहुणे असतील. पाहुण्याचा अर्ज वकिलात घेऊ शकते, पण आपल्या देशातून अर्ज का केला नाही याचं सबळ कारण द्यावं लागतं, आणि 'लेकीकडे आलो होतो' हे कारण तिथे पुरेल असं धरून चालू नये. म्हणजे प्रवास एक, हॉटेल एक, तारखा त्याच. पण लेकीचा अर्ज ब्रिटनमध्ये आणि आई-बापाचा भारतात. प्रत्येक अर्जाचा निर्णय स्वतंत्र.

नियमांचा गाभा फार मोठा नाही. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी झालेल्या करारातून ही व्यवस्था उभी राहिली. आज तिच्यात २९ देश आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. जिथे मुक्काम जास्त किंवा जाण्याचं मुख्य कारण जिथे, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील तर जिथून प्रवेश, त्या देशाकडे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून जास्त राहता येत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, काही वेळा ४५ दिवसांपर्यंत. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो शुल्क, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवा आकार. व्हिसा नाकारला तर हे शुल्क परत मिळत नाही.

आई-वडिलांच्या बाबतीत वेळापत्रक फार जपावं लागतं. ब्रिटनच्या पाहुण्या व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. युरोपहून पुन्हा लेकीकडेच जायचं असेल तर तो व्हिसा हातात असलेला बरा. पासपोर्ट मात्र एकच. तो एका वेळी दोन कचेऱ्यांत राहू शकत नाही. म्हणून तारखा आधी कागदावर मांडाव्यात आणि मगच तिकिटांकडे वळावं. आरक्षणही रद्द करता येईल असंच घ्यावं.

पुतणीची अडचण वेगळी. ती परत कुठे जाणार, याचं तिच्या अर्जातलं उत्तर 'येवला' असं असून चालत नाही. तिला ब्रिटनमधलं घर, तिथली नोकरी, मालकाचं रजेचं पत्र, तिथल्या बँकेचा उतारा दाखवायचा आहे. तिचा राहण्याचा परवाना सहलीनंतरही पुरेसा काळ चालणारा हवा. साधारणपणे किमान तीन महिने मागतात. ब्रिटनमधली निवासाची प्लास्टिकची कार्डं २०२४ अखेर मुदतबाह्य झाली आणि परवाना आता ऑनलाइन नोंदीत असतो. त्यामुळे त्या नोंदीची छापील प्रत आणि पडताळणीचा कोड फाइलला जोडायचा. दुबईत किंवा सौदीत काम करणाऱ्यांचंही असंच: निवास परवाना नोकरीला बांधलेला, आणि तो संपत आला असेल तर आधी नूतनीकरण, मग युरोप.

एका बाबतीत गावी राहिलेले आई-बाप लेकीपेक्षा पुढे आहेत. १८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी सवलत आणली. तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नीट वापरले, तर पुढचा दोन वर्षांचा आणि त्यानंतर साधारणतः पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. ही सवलत भारतात राहून भारतातूनच अर्ज करणाऱ्या भारतीयांना आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला सर्वसाधारण नियमच लागू.

तरीही मला काळजी वाटते ती अण्णांच्याच फाइलची. २०२४ साली भारतातून शेंगेनसाठी अकरा लाखांहून अधिक अर्ज गेले आणि त्यातले साधारण १५ टक्के नाकारले गेले. पगारदार माणसाकडे पगाराची पावती असते. विणकराकडे काय असतं? माग, कसब, व्यापाऱ्याशी पिढीजात व्यवहार, लग्नसराईत आणि दिवाळीत एकदम येणारा पैसा. परत येण्याची याहून पक्की कारणं कोणती? पण वकिलातीतल्या अधिकाऱ्याला माग दिसत नाही, उतारा दिसतो. त्यात वर्षभर थोडी शिल्लक आणि अर्जाच्या तोंडावर मोठी रक्कम दिसली, की शंका येते. ती रक्कम कोणत्या साड्यांची, हे बिलासह एका साध्या पत्रात लिहून द्यावं. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, उद्यम नोंदणी, विणकर ओळखपत्र, शेती असेल तर सातबारा आणि त्याचा इंग्रजी अनुवाद, हे सगळं जोडावं. सातबाऱ्यावर रामभाऊ आणि पासपोर्टवर रामचंद्र असं असेल, तर ते आधीच निस्तरावं. खोटा कागद मात्र एकही नको. आणि नकार आलाच तर त्याची कारणं लेखी मिळतात, त्यावर दाद मागता येते. पुढच्या अर्जात तो नकार लपवू नये.

माझी विणकर कुटुंबांना कळकळीची विनंती आहे. हे कागद युरोपला जायचं ठरल्यावर जमवू नका, आजपासून जमवा. साडीचे पैसे बँकेत येऊ द्या, बिल ठेवा, विवरणपत्र दरवर्षी भरा. याच कागदांवर उद्या कर्ज मिळतं, विमा मिळतो, मुलांच्या शिक्षणाला आधार मिळतो. आणि गावातल्या कर सल्लागारांनी, महाविद्यालयांनी, विणकरांच्या सहकारी संस्थांनी महिन्यातून एक दिवस या कामाला द्यावा. येवल्याची पैठणी जग फिरते. ती विणणाऱ्यालाही जग बघायचा तेवढाच हक्क आहे, आणि कागदाअभावी तो हुकू नये, एवढं आपण सगळे मिळून करू शकतो.