शेवटची चढाई आणि पहिली उचल

रविवारी मध्यरात्री नवी मुंबईत आपल्या पोरींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि सोमवारी सकाळी बीडच्या बार्शी नाक्यावरच्या आमच्या हॉटेलात पेढे आले. मालकानं स्वतःच्या हातानं वाटले, म्हणजे प्रसंग किती मोठा ते ओळखा. हा माणूस उधारीची वही सोडून दुसऱ्या कशाला स्वतःचा हात लावत नाही. मी पेढा तोंडात टाकला, आता दीप्ती शर्माचं कौतुक ऐकावं म्हणून कान टवकारले, तर वकीलसाहेब म्हणतात काय, "ते सगळं ठीक आहे हो, पण त्या आदित्यनं ती चढाई तशी कामून केली?"

ती चढाई शुक्रवारची. शनिवारी तिच्यावर बोलणं झालं होतं, रविवारी सकाळीही झालं होतं. सोमवारी विश्वचषकसुद्धा तिला हटवू शकला नाही, तेव्हा मात्र मला राग आला.

ज्यांच्या घरात रिमोट दुसऱ्याच्या हातात असतो त्यांच्यासाठी हकिकत थोडक्यात सांगतो. प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची अंतिम लढत ३१ ऑक्टोबरला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमवर झाली. दबंग दिल्ली ३१, पुणेरी पलटण २८. त्याआधी याच दोन संघांची पात्रता लढत ३४–३४ अशी बरोबरीत सुटली होती आणि टायब्रेकरमध्ये दिल्लीनं ६–४ अशी मारली होती. मग पुण्यानं तेलुगू टायटन्सला ५०–४५ असं हरवून पुन्हा दिल्लीच गाठली. अंतिम सामन्यात शेवटचं अर्धं मिनिट उरलं, दिल्लीकडे दोन गुणांची आघाडी, पुण्याचा आदित्य शिंदे चढाईला गेला आणि फजल अत्राचलीनं त्याला धरला. संपलं.

आमच्या हॉटेलात मात्र तिथून सुरू झालं. वकीलसाहेब वाचकांना नवे नाहीत. सप्टेंबरात रेल्वे बीडला आली तेव्हा तिच्या वेळापत्रकाची त्यांनी घेतलेली उलटतपासणी याच सदरात येऊन गेली आहे. त्यांचं म्हणणं असं की दोन गुण कमी आणि वेळ एकाच चढाईपुरता, मग पोरानं आधी बोनस घ्यायचा, परतताना एक गडी मारायचा, बरोबरी करायची आणि टायब्रेकरला जायचं. दोन कप चहात पुणे जिंकलं.

"बोनसला समोर सहा गडी उभे लागतात," गुरुजी म्हणाले. "तुम्ही मोजले का?"

"मोजले."

"किती होते?"

"ते रेकॉर्डवर आहे."

गुरुजी म्हणजे निवृत्त क्रीडाशिक्षक. शिरूर कासार, पाटोदा भागातल्या शाळांमधून त्यांनी हयात काढली. गळ्यात शिट्टी नसली तरी तिचा दोरा दिसतो आहे असं वाटत राहतं. त्यांचा राग आदित्यवर नाही, मॅटवर आहे. माती गेली तिथंच खेळ गेला, बूट घालून कबड्डी खेळणं म्हणजे चपला घालून देवळात जाणं, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या काळात चढाई करणारा दम टिकेल तोवर घुमायचा, घड्याळाकडे बघायचा नाही. तीस सेकंद आले, दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीला गुण घ्या नाहीतर बाद व्हा आलं, तेव्हापासून गडी खेळत नाहीत, पळतात. हे ऐकायला बरं वाटतं. पण मॅट आणि टीव्ही आले नसते तर शुक्रवारच्या रात्री बीडच्या एका हॉटेलात कबड्डीवरून आवाज चढले नसते, हे त्यांना सांगण्याची सोय नाही. मी एकदा सांगितलं होतं. त्यावर त्यांनी मला बुवा साळवींपासून कबड्डीचा इतिहास ऐकवला आणि माझी एस.टी. गेली.

मोबाईलच्या दुकानात बसणारा एक पोरगा कोपऱ्यात असतो. त्याच्याकडे फोनवर सगळे आकडे असतात म्हणून त्याचं कुणी ऐकत नाही. तो तीन दिवस एकच सांगत होता, "मध्यंतराला दिल्ली २०–१४ पुढं होती." बरोबर होतं त्याचं. वजाबाकी करा, उत्तरार्ध पुण्यानं १४–११ असा जिंकला आहे. हातातून सुटलेला सामना ज्यांनी दोन गुणांवर आणून ठेवला, त्यांत आदित्य पुढं होता, आणि हरला म्हणून बोट त्याच्याकडंच. माझं स्पष्ट मत आहे की पुणे पहिल्या वीस मिनिटांत हरलं. नीरज नरवाल आणि आपला अजिंक्य पवार गुण नेत होते तेव्हा कुणी ओरडलं नाही. पण पहिल्या वीस मिनिटांवर वाद घालायचा तर ती वीस मिनिटं बघितलेली असावी लागतात, आणि वकीलसाहेब शुक्रवारी जेवून मध्यंतरानंतर आले होते.

बरं, ज्यानं धरला तो फजल कोण? २०२२ च्या हंगामात हाच इराणी गडी पुण्याचा कर्णधार होता. तेव्हा पुणे अंतिम सामन्यात जयपूरकडून २९–३३ असं हरलं होतं. त्याच्या पाठोपाठ आठवतो दुसरा इराणी, मोहम्मदरझा शादलू. दहाव्या हंगामात पुण्यानं त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं, त्यानं पकडीचे ९९ गुण काढून दिले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८–२५ असं हरवून पुण्यानं पहिल्यांदा चषक उचलला. कर्णधार आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. त्या रात्री आपल्याकडंही फटाके वाजले होते, निवडणूक नसताना! पुढच्या हंगामाला पुण्यानं शादलूला सोडलं, हरियाणानं २ कोटी ७ लाखांना उचललं, आणि २९ डिसेंबरला हरियाणा विजेता ठरला. कुठं? बालेवाडीत, पुण्याच्या अंगणात. पुणे त्या हंगामात आठवं. आता फजलला घेऊन दिल्ली विजेती.

इथं बप्पा बोलले.

बप्पा ऊसतोडीचे मुकादम आहेत. टोळी घेऊन सांगलीकडं जातात. तीन दिवस ते ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी शहरात अडकलेले, आमच्या टेबलाशी बसून नुसते ऐकत होते. बप्पा कबड्डी बघत नाहीत, त्यांना फक्त लिलाव आवडतो. मे महिन्याच्या शेवटी मुंबईत झालेला लिलाव त्यांनी दोन्ही दिवस बघितला होता, जेवणाचं ताट मांडीवर घेऊन.

"पुणेवाल्यांनी त्या शादलूला उचल किती दिली होती?"

"दोन कोटी पस्तीस लाख," पोरगा म्हणाला.

"काम केलं का त्यानं?"

"कप आणला की."

"मग सोडला कामून?"

पोरानं समजावलं की संघाला सगळ्या गड्यांवर मिळून पाच कोटीच खर्चता येतात. निम्मे एकट्याला दिले तर उरलेली पलटण काय चिवड्यावर खेळवायची?

बप्पांनी मान हलवली. "चांगला कोयता सोडत नसतेत. धा हजार जास्ती मागितले तरी देतेत आन् ठेवतेत. सोडला की तो दुसऱ्याच्या टोळीत जातो. आन् ऊस तर तेवढाच असतो."

तीन दिवसांच्या चर्चेत याहून चांगलं कुणी बोललं नव्हतं. वकीलसाहेबांनीसुद्धा हरकत घेतली नाही.

पण त्या उचलीच्या बोलण्यानं विषयच फिरला. गुरुजींनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. यंदा गुजरातनं शादलूला दिले २ कोटी २३ लाख. ऊसतोडणीचा दर जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्क्यांनी वाढला, तो टनाला साधारण ३६६ रुपये झाला. एवढे पैसे तोडणीत मिळवायचे तर जवळजवळ ६१ हजार टन ऊस तोडावा लागेल. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. त्यांनी मिळून दिवसाला दोन टन तोडला आणि हंगाम दीडशे दिवस चालला असं धरलं तर दोनशे वर्षं लागतात.

"मधी भांडण होऊन बायको माहेरी गेली तर?" बप्पांनी विचारलं. गुरुजींनी ते धरलं नव्हतं.

हसलो सगळे. पण शादलूचे पैसे ही त्याची कमाई असते, कोयत्याची उचल हे कर्ज असतं. आधी घ्यायचं, मग उसात फेडायचं. अस्लम इनामदारचा गुडघा मागच्या हंगामात दुखावला, तो बाहेर बसला, बरा झाला आणि यंदा पुन्हा कर्णधार म्हणून उतरला. चांगली गोष्ट आहे, असंच व्हायला हवं. कोयत्याचा गुडघा गेला तर बाकी त्याच्या अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी ती फेडायला तोच गुडघा घेऊन जावं लागतं. लिलावात निदान भाव सगळ्यांसमोर पुकारतात.

यंदा तर तारखाही एकमेकींना लागून आल्या. कबड्डीचा शेवटचा सामना ३१ ऑक्टोबरला आणि राज्यातला गाळप हंगाम १ नोव्हेंबरपासून. सप्टेंबरातल्या पावसानं आष्टी, गेवराईकडं रानंच्या रानं खरवडून नेली, तेव्हा यंदा कोयते जास्तच निघणार, असं बप्पा म्हणाले. शुक्रवारी रात्री ज्या पोरांनी आदित्यसाठी टेबलं बडवली, त्यांतली काही सोमवारी हॉटेलात नव्हती. ट्रॉलीत भांडी, गवऱ्या, शेळी आणि वर ती.

गुरुजींनी मग त्यांचं जुनं दुखणं काढलं. मॅटचं नव्हे, दुसरं. नोकरीत असताना दर पावसाळ्यात ते शाळेचा संघ बांधायचे. डावा कोपरा, उजवा कोपरा, मधली साखळी, दोन चढाईचे गडी. पोरांचे हात एकमेकांच्या हातात नीट बसायला तीन महिने लागतात. दिवाळी यायची, आणि सुट्टीनंतर हजेरी घेतली की सातातले चार उसाच्या फडात. उजवा कोपरा कोल्हापूरकडं, डावा कर्नाटकात.

"साखळी कुणाशी धरायची हो मग?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नावर मी दोन दिवस विचार करतो आहे. आपल्या जिल्ह्यानं देशाला काय कमी दिलं? आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण आणलं. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण घेतलं. पण एक सैन्यात गेला तेव्हा धावपटू झाला, दुसरा पुण्याच्या तालमीत गेला तेव्हा मोठा झाला. शर्यत एकट्यानं पळता येते, कुस्तीला जोड तालमीत मिळते. सांघिक खेळातला आपला ठळक पोरगा म्हणजे सचिन धस. २०२४ च्या युवा विश्वचषकात उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यानं ९६ धावा काढल्या होत्या. तो शहरातला, आई पोलिस खात्यात, वडील आरोग्य खात्यात. त्याच्या घराला दिवाळीनंतर कुलूप लागत नव्हतं. कबड्डीला सात पोरं एका गावात वर्षभर राहावी लागतात. माती आपल्याकडं आहे, रगही आहे, सात पोरं राहत नाहीत.

म्हणजे राहतात, पण एकाच जागी. आई-वडील ऊस तोडायला गेले की मागं राहणाऱ्या मुलांसाठी शाळांमधून हंगामी वसतिगृहं चालतात. नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, ऐन थंडीचे महिने, संध्याकाळी करायला काही नाही, आणि वीस-तीस पोरं एका आवारात. संघ बांधायला याहून सोयीची जागा जिल्ह्यात दुसरी नाही. कबड्डीला बॅट लागत नाही, बॉल लागत नाही. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, लहानांचं त्याहून छोटं. मॅट मागत बसू नका, ती येईल तेव्हा येईल, आणि आली तर गुरुजी रुसतील.

तेव्हा मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना एवढंच मागणं आहे की यंदा वसतिगृह सुरू करताना किराण्याच्या यादीत चुन्याची एक पिशवी लिहा आणि पहिल्या आठवड्यात मैदान आखून घ्या. पोरींचा संघही करा, नुसत्या पोरांचा नको. ज्यांना पिशवी जड जाईल त्यांनी या सदराच्या पत्त्यावर कळवावं, चुना मी पाठवतो. गुरुजी शिकवायला यायला तयार आहेत, एस.टी.चं भाडंसुद्धा नको म्हणाले. वकीलसाहेबही येतो म्हणाले आहेत. त्यांना चहा द्या, पण पंच करू नका.