तो कवड्या नव्हता

श्रावणातली गोष्ट. चिपळूणजवळ आमच्या गावच्या घरी होतो. रात्री साडेनऊच्या सुमारास शेजारच्या काकूंची हाक आली, "अरे, न्हाणीपाशी कायतरी वळवळतंय, बघ जरा!"

बॅटरी घेऊन गेलो. काळपट चकचकीत अंग, त्यावर पांढरे आडवे पट्टे. मी लगेच निकाल दिला, "काकू, हा कवड्या. बिनविषारी. पाली खायला येतो." लहानपणापासून सापांच्या पुस्तकांचं वेड, त्यामुळे या बाबतीत वाडीत आमचा शब्द चालतो! एवढ्यावर न थांबता काकूंच्या नातवाला म्हटलं, "ये रे, जवळून दाखवतो."

तेवढ्यात साप वळला आणि शेपटीकडचा भाग उजेडात आला. पट्टे कसले, बारीक रेघा, जोडीजोडीने, शेपटीकडे ठळक होत गेलेल्या. मानेपाशी मात्र जवळजवळ काहीच नाही. कवड्याचं नेमकं उलट असतं. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. ती मण्यार होती.

पोराला मागे ओढलं. साप आपल्या वाटेने गडग्यात शिरला. कुणाला काही झालं नाही. काकूंनी मात्र त्याच रात्री जमिनीवरची अंथरुणं उचलून खाटांवर घातली आणि मच्छरदाण्या लावल्या. हे अगदी बरोबर केलं, कारण मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला माहिती नव्हती असं नाही. माहिती होती, म्हणूनच मी पोराला जवळ बोलावलं!

आपल्याकडे 'साप ओळखायला शिका' असं सगळेच सांगतात, मीही सांगत आलोय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखले की झालं, असा एक समज. मग सोपे नियम येतात. 'डोकं तिकोनी असेल तर विषारी.' आता बघा, नागाचं आणि मण्यारीचं डोकं तिकोनी नसतं, आणि बिचाऱ्या मांजऱ्याचं असतं. घोणशीसारखीच दिसते म्हणून डुरक्या घोणस मारली जाते, नाग समजून धामण. 'रंगावरून कळतं' म्हणावं, तर आंबोलीच्या जंगलातला मलबारी चापडा हिरवाही असतो, तपकिरीही आणि पिवळाही.

मग ओळखायला शिकूच नये का? जरूर शिकावं. धामण ओळखता आली तर धामण जगते, शेतातले उंदीर आटोक्यात राहतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिलेलं आहे. पण ओळख पटली म्हणून अंतर कमी करायचं नाही, एवढंच माझं म्हणणं. प्रत्येक सापापासून सारखंच लांब उभं राहिलं, तर ओळखण्यात झालेली चूक कुणाच्या जिवावर बेतत नाही.

हल्ली पावसाळ्यात आंबोलीला रात्री साप बघायला जाणारे बरेच असतात. छान छंद आहे. पायात गमबूट, हातात चांगली बॅटरी, कॅमेऱ्याला झूम, आणि न बघता कुठेही हात-पाय टाकायचा नाही, एवढं पुरतं. चापडा एकाच फांदीवर तासन्‌तास बसून राहतो, निवांत बघून घ्यावा. पण फोटोसाठी काठीने डिवचणारे, फांदी वाकवणारे पाहिले की राग येतो. आपल्याकडची सर्पदंशावरची लस त्या चार सापांच्या विषासाठी बनवलेली आहे; चापड्यासाठी नाही, हे त्यांना कुणी सांगतं का?

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. दंश झालाच, तर साप शोधत बसू नका. डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात, त्यांना मेलेला साप नेऊन दाखवायची गरज नसते. माणसाला न हलवता-चालवता, पण ताबडतोब दवाखान्यात न्या.

परवा काकूंचा फोन होता. "अरे, मागच्या दारी साप आहे, कुठला असेल?" मी म्हटलं, "ठाऊक नाही काकू. लांबून लक्ष ठेवा, पोराला आत घ्या आणि सर्पमित्राला बोलवा."

काकू क्षणभर गप्प झाल्या. वाडीत माझा भाव जरा उतरलाय बहुतेक. उतरू दे.