धुरा, गुण्या आणि उधारीची वही

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. इथल्या उन्हामुळे तसं ठरलेलं आहे. त्यामुळे आमच्या भातकुलीकडे गणिताचे पहिले पाठ आणि शेतातली पेरणी एकाच वेळी सुरू होतात. सकाळी जो मुलगा वडिलांबरोबर धुऱ्यावर उभा असतो, तोच साडेदहाला हातपाय धुऊन आमच्यासमोर बाकावर बसलेला असतो. पायाची माती अजून वाळलेली नसते.

सहावीला आम्ही ज्या पुस्तकातून शिकवत आलो, त्यात पहिला पाठ भूमितीच्या मूलभूत संबोधांचा, दुसरा कोनांचा आणि तिसरा पूर्णांक संख्यांचा, म्हणजे जिथे शून्याच्या खालच्या संख्या पहिल्यांदा भेटतात तो. सातवीत आधी भौमितिक रचना येतात आणि लगेच पूर्णांकांचा गुणाकार-भागाकार. म्हणजे दोन्ही वर्षी भूमिती आणि ऋण संख्या शेजारी शेजारी, आणि दोन्ही पावसाळ्याच्या तोंडावर.

शिक्षकांच्या भाषेत पाठाच्या तयारीला टाचण म्हणतात. उद्या काय शिकवायचं, सुरुवात कशाने करायची, कोणते प्रश्न विचारायचे, कोणतं साहित्य न्यायचं, हे आदल्या दिवशी वहीत लिहून काढायचं. या वेळी आम्ही आमच्याच एका चुकलेल्या टाचणाबद्दल लिहिणार आहोत. त्यातलं गणित बरोबर होतं. चूक दुसरीकडेच होती.

ऋण संख्या शिकवायची तर उधारीचं उदाहरण सगळ्यात सोपं, हे आम्ही बीएडला शिकलो होतो आणि वर्षानुवर्षं वापरलंही होतं. जवळ आहे ते धन, द्यायचं आहे ते ऋण. एका वर्षी आम्हाला वाटलं, पुस्तकातली खोटी उदाहरणं कशाला? मुलांना सांगितलं, "उद्या घरची उधारीची वही बघून या. किराण्याचं किती देणं आहे, कोणाकडून किती येणं आहे, ते लिहून आणा. आपण बेरीज करू."

दुसऱ्या दिवशी बहुतेक मुलांनी काहीतरी लिहून आणलं. सहावीतला एक मुलगा मात्र आलाच नाही. तोंडी हिशेबात वर्गात त्याचा हात सगळ्यात आधी वर व्हायचा. तिसऱ्या दिवशीही तो आला नाही. चौथ्या दिवशी त्याचे वडील आले. दोन एकर शेती, आणि शेतीचं काम नसेल तेव्हा मिस्त्रीकाम. दारात चपला काढून ते उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सरजी, घर की बात वर्ग में मत पूछो. बच्चे ने वही देखी. रात को रोटी नहीं खाया."

त्या वर्षी त्यांनी बियाणं आणि खत उधारीवर उचललं होतं. मागच्या हंगामाचं देणंही फिटलेलं नव्हतं. मुलाने वहीतला आकडा पाहिला आणि आईला विचारलं, "अम्मी, अपन मनफी में हैं क्या?"

आम्हाला काय बोलावं ते सुचेना. अमरावती जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरी कर्ज म्हणजे काय, हे आम्हाला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. रोज डोळ्यांसमोर असूनही टाचण लिहिताना ते आठवलं नाही, ही आमची चूक. आम्ही त्यांची माफी मागितली आणि मुलाला पाठवा, घरचा हिशेब पुन्हा कधी विचारणार नाही, असा शब्द दिला.

ते निघाले, पण फाटकाशी थबकले. मैदानात सातवीची मुलं दोरी आणि चुना घेऊन एक गुंठा आखत होती. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. मुलांनी चारही बाजू नीट मोजून ३३ फूट घेतल्या होत्या आणि आम्ही "शाबास" म्हणून वर्गात गेलो होतो. मिस्त्री म्हणाले, "सर, ये गुन्ये में नहीं है."

गुण्या म्हणजे गवंड्याचं काटकोन तपासायचं साधन. त्यांनी मुलांकडून दोरी मागितली आणि समोरासमोरचे दोन्ही कोपरे जोडून मोजले. एक कर्ण ४५ फूट भरला, दुसरा ४८ फुटांच्या वर. चारही बाजू सारख्या होत्या, पण आकृती एका अंगाला कलली होती. ती समभुज चौकोन झाली होती. चौरस झाली नव्हती. दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत त्यांनी दोन खुंट्या सरकवल्या. शेवटी दोन्ही बाजूंनी ४६ फूट ८ इंच भरले. "अब है," ते म्हणाले. चौरसाचे कर्ण एकरूप असतात हे वाक्य आम्ही त्या वर्गाकडून पाठ करून घेणारच होतो. ज्यांनी कोणतंही पुस्तक न उघडता ते वाक्य हातांनी दाखवलं, त्यांनाच आम्ही दहा मिनिटांपूर्वी खाली मान घालायला लावलं होतं.

त्या रात्री टाचण वही पुन्हा उघडली आणि पाठांची सगळी आखणी बदलली. तेव्हापासून जे करतो ते इथे सांगतो, म्हणजे घरीही करून पाहता येईल.

भूमितीची सुरुवात आम्ही तिफणीपासून करतो. तिफणीला तीन फण असतात, म्हणून एका वेळी तीन काकरं पडतात. मुलांना विचारतो, "ही तीन काकरं कधी एकमेकांना मिळतील का?" नाही, कारण फणांमधलं अंतर बदलत नाही. झाल्या समांतर रेषा. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, "पण सर, बाभळीपाशी बैल वळतात, तिथे काकरंही वळतात. मग ती समांतर की नाही?" हा प्रश्न येईपर्यंत आम्ही मुद्दाम थांबतो. अंतर तिथेही सारखंच असतं, पण काकर सरळ राहिलेलं नसतं, आणि पुस्तकातली रेषा नेहमी सरळ असते. पुस्तक आणि शेत कुठे जुळतं आणि कुठे वेगळं होतं, हे मुलाला स्वतः सापडलं की तो पाठ त्याचा होतो.

पूर्णांकांसाठी आता आम्ही पाण्याचा ड्रम घेतो. भातकुली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येते. विहिरीचं पाणी खारं, म्हणून पिण्याचं पाणी साठवून ठेवायची सवय घराघरांत आहे. ड्रमवर आजच्या पातळीला खडूने रेघ मारायची आणि तिला शून्य म्हणायचं. रेघेच्या वर धन, खाली ऋण. पाणी रोज २ बोटं उतरतं असं धरलं तर ४ दिवसांनी ते कुठे असेल? रेघेच्या ८ बोटं खाली: ४ × (−२) = −८. आणि ४ दिवसांपूर्वी कुठे होतं? रेघेच्या ८ बोटं वर: (−४) × (−२) = +८. मागे गेलेले दिवस ऋण, उतरणारं पाणी ऋण, आणि उत्तर धन. "ऋण गुणिले ऋण बरोबर धन" हा नियम पाठ करायला लागत नाही. तो ड्रमवर दिसतो, आणि त्यात कोणाच्या घरची लाज नसते.

दोन्ही पाठ जोडण्यासाठी मैदानात चुन्याची एक लांब रेषा मारतो. मध्ये शून्य, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खुणा. ही संख्यारेषा म्हणजे भूमितीच. एका मुलाला +५ वर उभं करतो, दुसऱ्याला −५ वर, आणि विचारतो, "शून्यापासून जास्त लांब कोण?" दोघे सारखेच लांब, फक्त तोंडं दोन दिशांना. मग −५ वरच्या मुलाला ८ पावलं धन दिशेला चालायला सांगतो. तो +३ वर येतो. जागा बदलली, मुलगा तोच राहिला.

ज्यांच्याबद्दल मुलं आवडीने ऐकतात, ते अबुल वफा बूजजानी. जन्म ९४० चा, खुरासानातला. काम केलं बगदादमध्ये. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. कारागिरांना भूमितीचा जो भाग लागतो, त्यावर त्यांनी एक पुस्तक लिहिलं. लेखनिक आणि व्यापाऱ्यांना लागणाऱ्या हिशेबावर दुसरं लिहिलं. या दुसऱ्या पुस्तकात ३ मधून ५ वजा केले तर काय उरतं याचं उत्तर ते '२ चं कर्ज' असं देतात. त्यांच्याही आधी आपल्याकडे ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली धन आणि ऋण हेच शब्द वापरून दोन्ही प्रकारच्या संख्यांचे नियम सांगितले होते. दोन ऋणांचा गुणाकार धन येतो, हेही त्यांच्याकडे आहे. उलट १८व्या शतकापर्यंत इंग्लंडातले फ्रान्सिस मासेरेस यांच्यासारखे विद्वान ऋण संख्यांवर आक्षेप घेत होते. म्हणून सहावीतलं मूल अडखळलं तर त्याला मठ्ठ म्हणू नये.

अबुल वफा कारागीर आणि भूमितीतज्ज्ञ यांच्या बैठकींना हजर राहत. तीन सारख्या चौरसांचे तुकडे करून एक मोठा चौरस कसा जोडायचा, हा तिथला एक प्रश्न. तज्ज्ञांना सिद्धता माहीत होती, पण कापायचं कसं हे नीट दाखवता येईना. कारागिरांच्या काही रीती डोळ्यांना बरोबर दिसत, पण सिद्धतेवर टिकत नसत. दोघांना एकमेकांची गरज होती. तो मिस्त्री फाटकाशी थबकला नसता, तर आम्हालाही हे इतकं नीट समजलं नसतं. आता दरवर्षी कोनांच्या पाठाला आम्ही एखाद्या पालकाला बोलावतो: कधी मिस्त्री गुण्या आणि ओळंबा घेऊन येतात, कधी सुतार, कधी शिंपी.

आणखी एक गोष्ट, शब्दांची. आमची मुलं उर्दूतून शिकतात आणि त्यांतली बरीचशी पुढे मराठी शाळेत जातात. उर्दूच्या पुस्तकात रेषेला 'खत' म्हणतात. शेतातल्या मुलासाठी खत म्हणजे शेणखत, आणि नानीसाठी खत म्हणजे पत्र. धन संख्येला 'मुसबत' म्हणतात, तर मुलं त्याची हसत हसत 'मुसीबत' करतात. हसणं ठीक आहे, पण पुढच्या शाळेत 'समांतर' हा शब्द कानावर पडला आणि मुलीला फक्त 'मुतवाजी' माहीत असेल, तर येत असलेलं उत्तरही तोंडातून निघत नाही. मग घरी ठरतं की पोरगी गणितात कच्ची आहे, आणि तिथून "आता शाळा पुरे" हे वाक्य फार लांब नसतं. म्हणून फळ्यावर आम्ही दोन्ही शब्द शेजारी लिहितो: ऋण आणि मनफी, कोन आणि जाविया, त्रिकोण आणि मुसल्लस.

आणि कर्जाचं काय? ते उदाहरण आम्ही टाकून दिलेलं नाही, शेवटी नेलं आहे. आकडे फळ्यावरचे असतात, घरचे नसतात. ५० रुपयांची ३ देणी माफ झाली तर माणूस किती वर आला? देणी कमी होणं ऋण, देणं ऋण: (−३) × (−५०) = १५०. मग मुलांना सांगतो की कुरआनातली सगळ्यात मोठी आयत, सूरह बकरामधली २८२वी, देणं-घेणं लिहून ठेवण्याबद्दल आहे, आणि त्याच्या दोनच आयती आधी अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याबद्दल सांगितलं आहे. कर्ज लिहायची गोष्ट आहे. लिहिलेला आकडा फेडता येतो, आणि तो आकडा म्हणजे माणसाची किंमत नव्हे.

तो मुलगा वडील येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात आला. आम्ही त्याला काही विचारलं नाही. संख्यारेषेच्या दिवशी −५ वर कोण उभं राहणार असं विचारलं, तेव्हा तो स्वतः उठला. ८ पावलं मोजून चालला आणि +३ वर थांबून म्हणाला, "सर, अभी और चल सकता."

अम्मी-अब्बूंना या महिन्यापुरत्या तीन विनंत्या. ड्रमवर किंवा टाकीवर शून्याची रेघ मारून मुलाला आठवडाभर रोजची पातळी लिहू द्या. घरात कोणी मिस्त्री, सुतार किंवा शिंपी असेल, तर त्यांचं हत्यार मुलाच्या हातात द्या आणि काटकोन कसा तपासतात ते दाखवायला सांगा. आणि एक वही करा, डावीकडे उर्दू शब्द, उजवीकडे मराठी. आईला मराठी वाचता येत नसेल तर मुलाने तिला वाचून दाखवावं. दोघांचंही शिकणं होईल.

पुढच्या महिन्यात अपूर्णांक, इन्शाअल्लाह. त्यासाठी घरात भाकरी असली की झालं.